आरजीबीएएसएम : असेंब्लरमधली फिक्स्ड पॉइंटची सोय कितपत कामाची?

निन्टेंडोच्या गेम बॉय या हातातल्या खेळयंत्राच्या प्रोसेसरला फ्लोटिंग पॉइंट (बिंदूची जागा सरकती ठेवून अपूर्णांक मांडण्याची पद्धत) ठाऊक नाही, आणि गुणाकार किंवा भागाकार करणारी सूचनाही त्याच्याकडे नाही. वेग, त्वरण, साइनची मूल्ये असे काही अपूर्णांकी प्रोग्राममध्ये आणायचे असेल, तर ते आधीच पूर्णांकाच्या साच्यात बसवून ठेवावे लागते. हे काम कॅल्क्युलेटरवर किंवा वेगळ्या स्क्रिप्टमध्ये न करता असेंब्लरनेच करावे, ही अपेक्षा आरजीबीडीएस या मुक्त साधनसंचातला आरजीबीएएसएम हा असेंब्लर (असेंब्ली भाषेतला प्रोग्राम यंत्रभाषेत बदलणारे साधन) कितपत पुरी करतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

फिक्स्ड पॉइंटची, म्हणजे अपूर्णांक एका ठराविक पटीने गुणून पूर्णांक म्हणून ठेवण्याची, मूळ कल्पना अगदी साधी आहे. मजकुरात १.५ लिहिले की असेंब्लर त्याला ६५,५३६ ने गुणतो आणि ९८,३०४ हा ३२ बिटांचा पूर्णांक हातात देतो. म्हणजे वरचे १६ बिट पूर्ण भागाचे आणि खालचे १६ बिट अपूर्णांकाचे. अपूर्णांकाला किती बिट द्यायचे, हे कमांड लाइनवरून किंवा प्रोग्राममधल्या निर्देशाने १ ते ३१ या मर्यादेत बदलता येते. शिवाय एखाद्या संख्येच्या शेवटी क्यू हे अक्षर आणि बिटांचा आकडा जोडला, तर त्या एका संख्येपुरती वेगळी अचूकता मिळते. ही शेवटची सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण गेम बॉयवर प्रत्यक्षात बहुतेकदा ८ अधिक ८ अशी १६ बिटांचीच मांडणी परवडते, आणि आठ बिटांच्या अचूकतेने लिहिलेला १.५ थेट ३८४ होऊन दोन बाइटांत नीट बसतो.

हा क्यूचा प्रत्यय लावायचा राहून गेला तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. मूळ १६ बिटांच्या अचूकतेतला १.५ दोन बाइटांच्या जागेत मावत नाही, म्हणून असेंब्लर इशारा देतो, आणि तो इशारा दुर्लक्षिला तर पूर्ण भाग गळून फक्त ३२,७६८ उरतो. ०.५ मात्र ३२,७६८ याच रूपात कोणताही इशारा न येता जागेवर बसतो, आणि चालू प्रोग्राम त्याचा अर्थ १२८ किंवा, चिन्हासह वाचल्यास, उणे १२८ असा लावतो. मोठी चूक पकडली जाते आणि छोटी सुटते, असा हा विचित्र प्रकार आहे.

आठ बिट उजवीकडे सरकवून १६ बिटांची अचूकता ८ वर आणण्याची जुनी पद्धतही चालते, पण तिचा निकाल प्रत्येक वेळी तोच येत नाही. ०.१ ला २५६ ने गुणले तर २५.६ येतात, क्यू ८ प्रत्यय लावल्यास असेंब्लर जवळच्या पूर्णांकाकडे जाऊन २६ देतो, तर सरकवण्याच्या पद्धतीत ६,५५४ चे २५ होतात. दर फ्रेमला बेरीज होत जाणाऱ्या वेगात एवढ्या फरकाने वस्तूची जागा दृश्यपणे ढळते. म्हणून सरकवायचेच असेल, तर आधी १२८ मिळवावेत.

खरा आक्षेप पुढे आहे. असेंब्लरच्या दृष्टीने या सगळ्या संख्या केवळ पूर्णांक आहेत. द्विमान बिंदू, म्हणजे पूर्ण भाग आणि अपूर्णांक यांमधली सीमा, कोठे आहे, याची नोंद कोठेही राहत नाही. बेरीज आणि वजाबाकी त्यामुळे बिनघोर चालते, पण १.५ आणि २.० यांच्यामध्ये साधे गुणाकाराचे चिन्ह टाकले, तर गुणाकार २ च्या ३२व्या घाताच्या बरोबर तिप्पट होतो आणि ३२ बिटांत त्याचे उत्तर शून्य उरते. १.५ चा वर्ग तशाच रीतीने काढला तर १,०७,३७,४१,८२४ मिळतात, म्हणजे फिक्स्ड पॉइंट म्हणून वाचल्यास २.२५ ऐवजी १६,३८४. गुणाकार आणि भागाकार यांसाठी वेगळी फंक्शने दिली आहेत, ती नीट पूर्णांकन करतात, आणि शेवटी अचूकतेचा आकडाही स्वीकारतात. तरीही दोन वेगळ्या अचूकतेच्या संख्या एकत्र आल्या, तर अडवणारे कोणी नाही. दस्तऐवजात या संख्या निव्वळ पूर्णांक असल्याचे स्पष्ट लिहिले आहे, हे मान्य. पण निदान ऐच्छिक असा एखादा इशारा असायला हवा होता.

तुलनेसाठी नॅसम हा x86 प्रोसेसरांसाठीचा असेंब्लर घ्यावा. तो १.५ चे आयईईई या प्रमाण फ्लोटिंग पॉइंट स्वरूपातले ३२ बिट पूर्णांक म्हणून देतो, म्हणजे १,०६,९५,४७,५२०. मात्र फ्लोटिंग पॉइंट स्थिरांकांवर असेंब्लीच्या वेळी गणित करत नाही, त्यामुळे १.५ ला ६५,५३६ ने गुणा, असे त्याला सांगता येत नाही. त्या बिटांतून घातांक १२७ वेगळा काढायचा, मॅन्टिसात (संख्येचे अंक धरणाऱ्या भागात) अध्याहृत १ मिळवून १,२५,८२,९१२ करायचे आणि सात बिट उजवीकडे सरकवून ९८,३०४ गाठायचे, हा मार्ग मॅक्रोने (एका नावाखाली बांधलेल्या सूचनांच्या संचाने) शक्य आहे. पण चिन्ह, शून्य, पूर्णांकन आणि मोठ्या घातांकासाठी डावीकडचे सरकवणे हे सर्व त्या मॅक्रोत स्वतः सांभाळावे लागते. आरजीबीएएसएममध्ये हा सारा खटाटोप एका दशांश चिन्हात संपतो.

तक्ते बनवताना तो सर्वांत खुलतो. साइन आणि कोसाइनची फंक्शने कोन रेडियनमध्ये नव्हे, तर फेऱ्यांमध्ये मोजतात, म्हणजे १.० हे पूर्ण वर्तुळ. त्यामुळे २५६ नोंदींच्या तक्त्यात प्रत्येक पाऊल १.० भागिले २५६ इतके नेमके येते आणि पायची गरजच पडत नाही. येथे भाजक साधा पूर्णांक असल्यामुळे नेहमीचे भागाकाराचे चिन्हही चालते. तपासणीसाठी मूल्य छापताना फिक्स्ड पॉइंटचे स्वरूप स्पष्ट मागावे, नाहीतर षोडशमान पूर्णांक दिसतो. जुन्या आवृत्त्यांसाठी लिहिलेले तक्ते वापरायचे असतील तर मात्र आधी कोनाचे माप तपासावे, कारण त्यांत पूर्ण वर्तुळ १.० चे नव्हते.