शीट लपवायचंय मॅक्रोतून, साधं हिडन करू की व्हेरी हिडन?

एक्सेलमध्ये कोडने (म्हणजे मॅक्रोने, एक्सेलकडून आपोआप काम करून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) शीट लपवायचे दोन प्रकार आहेत आणि बरेच जण पहिल्यावरच थांबतात, कारण दुसरा राइट क्लिकच्या मेन्यूत दिसतच नाही. शीटच्या व्हिजिबल प्रॉपर्टीला 0 दिलं की साधं हिडन, 2 दिलं की व्हेरी हिडन, परत आणायचं तर -1.

साध्या हिडनचं कसंय, कुठल्याही टॅबवर राइट क्लिक करून अनहाइड म्हटलं की सगळी यादी समोर येते. मी एका पार्टीला कोटेशनची फाइल अशीच पाठवली होती, आमचे खरेदीचे रेट हिडन शीटवर आणि व्हीलुकअप (दुसऱ्या यादीतून किंमत शोधून आणणारा फॉर्म्युला) ते तिथूनच उचलत होतं, दुसऱ्याच दिवशी फोन, "अहो, हा व्हॉल्व तुम्हाला एवढ्याला पडतो आणि आम्हाला एवढ्याला लावता?" खूप वाईट वाटलं, ते गिऱ्हाईक गेलंच.

व्हेरी हिडन त्या यादीत येतच नाही, फॉर्म्युले मात्र नेहमीसारखे चालतात आणि फाइल नंतर मॅक्रोशिवाय सेव्ह केली तरी शीट तसंच लपलेलं राहतं. पण ज्याला माहितीय तो ऑल्ट एफ11 दाबून कोडची खिडकी उघडतो, एफ4 ने शीटच्या प्रॉपर्टीज उघडून 2 चं -1 करतो, दहा सेकंदांचं काम. म्हणून सोबत वर्कबुकचं स्ट्रक्चर (शीटं लपवणं-दाखवणं) पासवर्डने प्रोटेक्ट करा, आणि तो पासवर्ड तुमच्या कोडमध्ये लिहिलेला असणार म्हणून व्हीबीए प्रोजेक्टही (मॅक्रोचा कोड जिथे असतो तो भाग) लॉक करा.

माझं मत विचाराल तर ऑफिसातल्याच लोकांची फाइल असेल, आकडेमोडीचं शीट नुसतं नजरेआड हवं असेल तर 0 पुरे, उगाच पुढच्या माणसाला शोधायला लावू नका. ड्रॉपडाउनच्या याद्या, जीएसटीचे दर, म्हणजे कुणी चुकून हात लावला की सगळं बिघडेल असं काही असेल तर 2. पगार किंवा खरेदीचे रेट असतील तर दोन्ही नको, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली ओपनपायएक्सएल ही एक्सेल फाइली वाचणारी लायब्ररी व्हेरी हिडन शीटसुद्धा सरळ वाचते, त्यामुळे बाहेर पाठवताना नव्या फाइलमध्ये फक्त व्हॅल्यू पेस्ट करून तीच पाठवा. गूगल शीट्सवाल्यांना हा प्रश्नच नाही, तिथे कोडमध्ये लपवायला हाइडशीट ही एकच कमांड आहे.

लूप लावून (एकच काम प्रत्येक शीटवर आपोआप करणारा कोड) शीटं लपवताना एक तरी शीट उघडं ठेवा, नाहीतर शेवटच्या शीटला 1004 एरर येतो. स्ट्रक्चर प्रोटेक्ट असतानाही हाच 1004 येतो, म्हणून कोडमध्ये आधी अनप्रोटेक्ट, मग व्हिजिबल, मग परत प्रोटेक्ट.