स्ट्रुडल: लेहरा, तिहाई आणि सतरावा धा

नौपाड्यात गेली चौदा वर्षं तबला शिकवते. क्लासमधली रोजची अडचण म्हणजे लेहरा, तबल्याच्या साथीला सतत फिरत राहणारी धून. रियाजाला दररोज हार्मोनियमवर कोण बसणार? फोनवर लेहरा मिळतो, पण त्याची धून आपल्याला बदलता येत नाही. ऐरोलीला आयटीत असलेला माझा एक विद्यार्थी म्हणाला, ‘‘ताई, लेहरा आपणच लिहू या,’’ आणि त्याने लॅपटॉपवर स्ट्रुडल उघडून दिलं.

संगीत लिहायची ही छोटी प्रोग्रामिंग भाषा. ब्राउझरमध्ये चालते, फुकट आहे. ॲलेक्स मॅक्लीन यांच्या टायडल सायकल्स या संगीताच्याच भाषेचा हा जावास्क्रिप्टमधला अवतार, २०२२ मध्ये सुरू झालेला. टायडलच्या लिहिण्याच्या पद्धतीवर छाप आहे ती ‘बोल प्रोसेसर’ या संगणक प्रोग्रामची, आणि तो बर्नार्ड बेल यांनी १९८०च्या दशकात जिम किपन यांच्यासोबत तबल्याच्याच अभ्यासासाठी केला होता! हे कळल्यावर मला फार आनंद झाला. म्हणूनच हात लगेच बसला असावा. बोल (धा, तिट असे तबल्याचे उच्चार) ओळीने लिहायचे, विश्रांतीला ‘~’, चौकोनी कंसात दोन बोल घातले की त्या मात्रेची दुगुन, म्हणजे दुप्पट वेग. वाजणारा बोल पडद्यावर उजळतो, त्यामुळे नवख्या मुलांनाही नववी मात्रा कधी आली ते दिसतं.

इथे सगळं एका ‘सायकल’मध्ये बसतं. मी तिला आवर्तन धरलं, म्हणजे सोळा मात्रांच्या तालाचा एक पूर्ण फेरा. मिनिटाला ८० मात्रांची लय हवी असेल तर ८० भागिले १६, मिनिटाला ५ आवर्तनं, म्हणजे एक आवर्तन बारा सेकंदांचं.

मग तिहाई लिहिली, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपणारा तुकडा. ‘तिट कत गदि गन धा’ तीनदा, मध्ये एकेक मात्रेचा दम, म्हणजे विश्रांती. पाच, एक, पाच, एक, पाच, म्हणजे सतरा. हातावर अगदी बरोबर, शेवटचा धा समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. स्ट्रुडलने मात्र सतराही घरं त्याच बारा सेकंदांत कोंबली. लय चढली आणि धा समेच्या आधीच पडला. मी पुन्हा मोजलं, हिशेब चुकत नव्हता. तो विद्यार्थी म्हणाला, ‘‘ताई, शेवटचा धा खोडा.’’ खोडला, तर उरलेली सोळा घरं चपखल बसली आणि पुढच्या आवर्तनातल्या ठेक्याचा (तालाच्या ठरलेल्या मूळ बोलांचा) पहिला धा हाच तिहाईचा धा झाला. सम पुढच्या आवर्तनाची असते, हे मी वर्षानुवर्षं सांगते. त्या दिवशी मुलांनी ते डोळ्यांनी पाहिलं.

खटकलेलंही सांगते. सूर शून्यापासून मोजतात. सा म्हणजे ०, त्यामुळे पंचम समजून ५ लिहिला की धैवत वाजतो. शिवाय मी माझ्याच तबल्याचे बोल रेकॉर्ड करून घातले, तरी प्रत्येक धा तोच, त्याच वजनाचा. वजन बदलायचं तर आकडे द्यावे लागतात, आणि मनगट सरकवून डग्ग्यावर काढलेली मींड (घसरत जाणारा सूर) काही त्यातून येत नाही. म्हणून ठेका कसा वाजवावा हे शिकवायला मी तो ऐकवत नाही. लेहऱ्यासाठी आणि तिहाईच्या हिशेबासाठी मात्र रोज उघडते.

फोनवर कंस शोधण्यातच वेळ जातो, लॅपटॉपच घ्या.