खिशातला रेडिओ, आठ महिन्यांनंतर: डॉक्युमेंटरी अर्धी ऐकून ठेवायची सोयच नाही

मे महिन्यात याचा बीएल-5सी सेल (जुन्या नोकिया मोबाइलचा असायचा तोच) फुगला, झाकण बसेना. सेलचं सोडा, नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात दुसरा मिळतो. फुगलेला मात्र दाबून बसवू नका, आणि सेट उन्हातल्या गाडीत विसरू नका.

खरा वैताग वेगळाच. बंद करून सुरू केला की मेमरी कार्डवरची फाइल पुन्हा पहिल्या सेकंदापासून! फाइलचा नंबर याच्या लक्षात राहतो, वेळ नाही. गाण्यांना चालून जातं. 28 मिनिटांच्या डॉक्युमेंटरीत बाविसाव्या मिनिटाला दाराची बेल वाजली की संपलं.

तोडगा आहे. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडा. सेव्ह करताना 64 केबीपीएस मोनो एवढा दर्जा पुरे, 28 मिनिटांना जेमतेम 13 एमबी. कार्ड फॅट32 पद्धतीने फॉरमॅट करून तुकडे एकेक चढवा. हा सेट नावं बघत नाही, चढवल्याच्या क्रमाने वाजवतो. सगळे एकदम टाकले तर शेवट आधी ऐकू येण्याची तयारी ठेवा.

विषय बदलला की आवाजाचंही गणित बदलतं. फाळणी, दुष्काळ, गिरणी कामगार, म्हणजे जिथे माणसं बोलतात, तिथे हा इवलासा स्पीकर झकास. जंगल, पाऊस, रेल्वे आली की खालचे सूर गायब, इअरफोनच लावा. (सिंह हा काय रेडिओचा विषय, असं वाटत असेल तर आकाशवाणीच्या मेलव्हिल डी मेलोंना गीरच्या सिंहांवरच्या रेडिओ-डॉक्युमेंटरीसाठीच 1964 साली प्री इटालिया हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.)

सुरुवातीला मीडियम वेव्हला शून्य मार्क दिले होते, ते मागे घेतो. आकाशवाणी नागपूरच्या 585 किलोहर्ट्झवरची खरखर एलईडी बल्बची निघाली. बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर एकेक बंद करून चोर शोधा. मग सेट आडवा फिरवा: मीडियम वेव्ह पकडणारी आतली फेराइट कांडी टोकांच्या दिशेने जवळपास बहिरी असते, म्हणून टोक चोराकडे करा. एरियल ताणून काही होत नाही, ती एफएमसाठी. कूलरचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही चोरच, पण मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करा म्हणायची कोणाची छाती? तो फुल्लवर ठेवा, खरखर बरीच उतरते.

पाचपैकी तीन स्टार. दोन्ही कापले ते त्या एका विसरभोळेपणापायी.