व्यायामानंतर केळं की पेरू? चरबी उतरवायची असेल तर

व्यायामानंतर फळ खाल्लं की चरबी जळायची थांबते, ही भीती आधी सोडून द्या. दिवसभराच्या कॅलरींच्या हिशेबात फळ बसत असेल तर ते आड येत नाही. प्रश्न उरतो कुठलं फळ, आणि आपल्याकडे तो बहुतेकदा केळं की पेरू असाच असतो.

कॅलरींत दोघांची बरोबरी आहे. मोठ्या केळ्याचा १२० ग्रॅम गर किंवा १५० ग्रॅमचा पेरू, दोन्हींत शंभराच्या जरा वर. तंतू मात्र केळ्यात ३ ग्रॅम, पेरूत ८.

केळ्याची बाजू भक्कम आहे. पायांचा जड व्यायाम झाल्यावर मळमळत असेल, तर केळंच घशाखाली उतरतं. सकाळी पळणं आणि संध्याकाळी जिम असेल तरीही केळंच घ्या, कारण स्नायूंतला ग्लायकोजेनचा (म्हणजे साठवलेल्या साखरेचा) साठा तेव्हा लवकर भरावा लागतो. दिवसातून एकदाच व्यायाम करणाऱ्याला ती घाई नसते. पुढच्या दोन जेवणांतल्या भाकरी-भाताने तो साठा आपसूक भरत जातो.

माझ्यापुरता निकाल लागला तो डझनामुळे. केळी घरी येतात ती डझनाने, फार तर अर्धा डझन. दोन दिवस कडक असतात, मग अख्खी फणी एकदम पिवळी होते आणि लगेच सालीवर काळे ठिपके दिसू लागतात. पिकताना सुटणारा इथिलीन वायू शेजारच्या केळ्यालाही पिकवतो. फ्रिजमध्ये ठेवलं तर गर चांगला राहूनही साल काळी पडते आणि घरात कुणी त्याला हात लावत नाही. मग ‘वाया जातील’ म्हणून एकाऐवजी दोन खाल्ली जातात, नाहीतर शिकरण होतं. दोन केळी, कपभर म्हशीचं दूध, दोन चमचे साखर म्हणजे चारशेच्या वर कॅलरी. सत्तर किलोच्या माणसाने पाऊण तास वजनं उचलली तर साधारण दोनशेच खर्च होतात. उपाय आहेत: कमी-अधिक पिकलेली तीन-चार सुटी मागायची, घरी एकमेकांपासून लांब ठेवायची. पण दर आठवड्याला हे कोण सांभाळणार?

पेरू वजनावर मिळतो, दोनच घेतले तरी चालतं. गडद हिरवा रंग जाऊन फिकट पोपटी झालेला आणि अंगठ्याखाली किंचितच दबणारा निवडा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस सहज टिकतो. वास पसरतो म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवा. सालीसकट फोडी करून खाल्ला तर चावण्यातच दहा मिनिटं जातात, आणि माझ्या अनुभवात पुढच्या जेवणापर्यंत पोट शांत राहतं. केळ्यानंतर तासाभरात पुन्हा डबे उघडावेसे वाटतात. सगळ्यांचं असंच होईल असं नाही. मऊ, फार पिकलेला पेरू मात्र दोन मिनिटांत संपतो, त्याने हा फायदा मिळत नाही.

पेरूचे तोटेही आहेत. बिया दातांत अडकतात. ब्रेसेस असतील तर केळंच बरं. धावून आल्या आल्या खाल्ला तर पोट फुगतं, म्हणून अर्धा तास जाऊ द्या. इतक्या तंतूंची सवय नसेल तर पहिला आठवडा अर्धाच पेरू घ्या. तिखट-मीठ खुशाल लावा, रक्तदाब असेल तर मीठ वगळून.

कुठलंही घेतलं तरी प्रथिनं वेगळी लागतीलच. पेरूत चारेक ग्रॅम, केळ्यात जेमतेम दीड. कॅलरी कमी केल्या आणि प्रथिनंही कमी पडली, तर चरबीबरोबर स्नायूही उतरतात. म्हणून सोबत दोन अंडी (सुमारे १२ ग्रॅम) किंवा १०० ग्रॅम पनीर (सुमारे १८) हवं. पनीर घेतलं तर त्याच्या कॅलरी अंड्यांपेक्षा जास्त, तेवढ्या हिशेबात धरा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच फळ आणि प्रथिनं ठरवावीत, कारण दोन्ही फळांत पोटॅशियम भरपूर असतं.

उन्हाळ्यात चांगला पेरू मिळाला नाही तर २०० ग्रॅम पपई घ्या, नव्वदच्या आत कॅलरी. तेव्हाही केळंच हवं असेल तर वेलची केळी घ्या: आकार लहान, त्यामुळे दोन खाल्ली तरी हिशेब फारसा बिघडत नाही.