चार लग्नं आणि सिनेमा तोलून धरणारं एक मर्तिक

‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’ (१९९४) संपतो तरी नायक चार्ल्स (ह्यू ग्रँट) पोटापाण्यासाठी काय करतो हे कळत नाही. पटकथाकार रिचर्ड कर्टिसनं नोकरी, ऑफिस, मागचा इतिहास सगळं गाळलंय. मित्रमंडळी भेटतात ती बहुतेक समारंभांतच. त्यामुळे मधल्या महिन्यांत कोणाचं काय झालं, हेही त्या लग्नांतूनच कळावं लागतं.

पैसा तुटपुंजा होता. सुमारे ३० लाख पौंडांत आणि ३६ दिवसांत शूटिंग उरकलं. गर्दीतले बरेच जण स्वतःचे ठेवणीतले सूट घालून आले होते आणि स्कॉटलंडमधलं लग्नघर इंग्लंडमध्येच उभं केलेलं आहे. पडद्यावर ही काटकसर जाणवत नाही.

पहिल्या लग्नात बेस्ट मॅन (नवरदेवाचा पाठराखा) चार्ल्स अंगठ्या विसरतो. ऐनवेळी मित्रांकडून गोळा करून पुढे करतो त्या दोन: एक कवटीची, एक रंगीत प्लास्टिकच्या बदामाची. दिग्दर्शक माइक न्यूएल त्यावर संवाद खर्च करत नाही, नवरानवरीचे चेहरे दाखवतो.

पण हा सिनेमा पुन्हापुन्हा बघावासा वाटतो तो मर्तिकामुळे. तिसऱ्या लग्नात, भाषण चालू असताना, मित्रमंडळींतला सगळ्यांत जास्त हसणारा गॅरेथ कोसळतो, आणि मरतो. पुढचं दृश्य इसेक्समधल्या वेस्ट थरॉकच्या लहानशा चर्चचं, मागे कारखाना. आतापर्यंतचे वाडे, हिरवळी, शॅम्पेन सगळं गायब. गॅरेथ कुठल्या घरातून आला, हे एका फ्रेममध्ये कळतं. गॅरेथचा जोडीदार मॅथ्यू (जॉन हॅना) कवी ऑडनची कविता आवाज न चढवता वाचतो. मग चार्ल्सच्या लक्षात येतं: आपण सगळे अविवाहित म्हणून मिरवत होतो, पण यातले दोघं तर केव्हाच संसारात होते.

कमी पडते ती कॅरी, चार्ल्स जिच्या प्रेमात पडतो ती. ती का आवडावी हे लेखनात उतरलेलंच नाही, आणि शेवटचा पावसातला संवाद फार लाडिक आहे. ह्यू ग्रँटचं अडखळणंच ते प्रेम खरं वाटायला लावतं.

चौथ्या लग्नात मात्र जुळणी अचूक. इथे नवरदेव खुद्द चार्ल्स. पाद्री हरकत विचारतो आणि टकटक ऐकू येते, ती चार्ल्सच्या ऐकू न येणाऱ्या भावाची, डेव्हिडची. तो चार्ल्सशी खुणांच्या भाषेत बोलतो, हे पहिल्या लग्नापासून रुजवलेलं आहे (ही भूमिका करणारा डेव्हिड बोवर खरोखरच कर्णबधिर आहे). आता त्याच्या खुणा मोठ्यानं सांगायच्या त्या नवरदेवानंच: नवऱ्याचं दुसऱ्याच कुणावर प्रेम आहे. पाद्री विचारतो, तुझं दुसऱ्या कुणावर प्रेम आहे का? चार्ल्स म्हणतो, ‘आय डू.’