ईआयसीची जनुकीय चाचणी: जरूर करा, पण थर्मामीटरही जवळ असू द्या

काम करणारा लॅब्राडॉर मैदानात कोसळला की बघणाऱ्यांची मतं तयारच असतात. ऊन लागलं, साखर उतरली, हृदय कमजोर असेल, नाहीतर कुत्राच कामचुकार. यातलं शेवटचं मत मला अजिबात सहन होत नाही. ईआयसी, म्हणजे एक्सरसाइज इंड्यूस्ड कोलॅप्स, हा जोरदार धावपळीत कोसळायला लावणारा आनुवंशिक विकार. तो असलेली कुत्री बहुतेकदा कमालीची उत्साही असतात. डमी (सरावात फेकून आणायला लावायची वस्तू) हवेत जायच्या आधीच थरथरायला लागणारी. माझी कुत्री काजळी तशीच आहे, म्हणून तिच्या डीएनए चाचणीबद्दल जरा सविस्तर लिहितेय.

चाचणी घरी करता येते. किटमध्ये स्वॅब असतो. तो गालाच्या आतल्या बाजूला, हिरडी आणि गाल यांच्या मधे टेकवून थोडा वेळ घोळवत फिरवायचा. नुसती लाळ नको, पेशी निघायला हव्यात. त्याआधी तासभर खाणं बंद. पिल्लू दूध पीत असेल तर त्याला आईपासून काही वेळ वेगळं ठेवायचं, नाहीतर आईच्या पेशी नमुन्यात मिसळतात. मग स्वॅब उघड्या हवेत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात. ओला घालू नका, बुरशी धरते. सूचनापत्रात वाळवण्याचा उल्लेख अगदी तळाला, बारीक अक्षरात होता. तो सगळ्यात वर हवा.

निकाल तीनपैकी एक येतो: क्लिअर (दोष नाही), कॅरिअर (दोष एकाच पालकाकडून आलेला, कुत्रा स्वतः पडत नाही) किंवा अफेक्टेड (दोष दोन्ही पालकांकडून आलेला). दोष डीएनएम१ या जनुकात असतो आणि तो २००८ मध्ये उजेडात आला, त्या कामात मिनेसोटा विद्यापीठाचा मोठा वाटा होता. हे जनुक डायनामिन १ नावाचं प्रथिन बनवतं. चेतापेशी एकमेकींना निरोप देतात तो सूक्ष्म पिशव्यांमधल्या रसायनांतून, आणि रिकामी झालेली पिशवी आत ओढून पुन्हा वापरात आणायला हे प्रथिन लागतं. रोजच्या फिरण्यात निभून जातं. पण जोरदार धावणं आणि टोकाची उत्तेजना एकत्र आली की निरोपांचा मारा इतका वाढतो की पिशव्या पुरत नाहीत. पाच ते पंधरा मिनिटांत मागचे पाय लटपटतात, फरपटतात, काही वेळा पुढचेही जातात. कुत्रा शुद्धीवर असतो आणि दुखत असल्यासारखा वागत नाही. कितीतरी कुत्री पाय ओढत तशीच डमीकडे निघतात, ते बघवत नाही. थांबवलं तर बहुतेक अर्ध्या तासाच्या आत चालू लागतात. थांबवलं नाही तर मृत्यूही झालेले आहेत.

काजळीचा निकाल 'अफेक्टेड' आला. मला त्या एका शब्दाचा आधारच वाटला, कारण त्याआधी हृदयाच्या तपासण्या, रक्तातली साखर, सगळं नीट निघालं होतं आणि तरी ती पडत होती. आता तिचं काम बदललंय. वास घेत शोधायचा, शांत डोक्याचा सराव चालतो. एकामागून एक डमी फेकणं बंद, इतर कुत्री ओरडत असताना रांगेत ताटकळणं बंद. खोल पाण्यातून वस्तू आणणं तर पूर्ण बंद, कारण तिथे पाय गेले तर कुत्रा बुडतो. पाय जरा रुंद पडू लागले की तिथल्या तिथे थांबायचं, 'एवढं एक आण' म्हणायचं नाही.

माझी खरी तक्रार अहवालाबद्दल आहे. एका ओळीचा निकाल आणि खाली सही. 'क्लिअर' आलेल्या मालकाला कुणीच सांगत नाही की त्याचा कुत्रा उष्माघाताने कोसळू शकतो. घोळ इथेच होतो, कारण जोरात काम केल्यावर धडधाकट लॅब्राडॉरचंही तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या पलीकडे जातं. एरवी ते साधारण ३८.३ ते ३९.२ असतं. नुसत्या आकड्यावरून ईआयसी ठरत नाही आणि उष्माघातही ठरत नाही. कुत्र्याकडे बघावं लागतं. उष्माघातात तो भांबावतो, हाकेला ओळख देत नाही, उलट्या होतात, रक्ताची हगवण लागू शकते, आणि विश्रांती देऊनही चटकन सावरत नाही. शंका आली की आधी जागच्या जागी गार करा, भरपूर पाणी ओता, वारा घाला, मग दवाखाना. गुदद्वारात थर्मामीटर लावून ३९.५ च्या आसपास आलं की ओतणं थांबवा, नाहीतर तापमान फार खाली उतरतं. कुत्रा उठून उभा राहिला तरी डॉक्टरांना दाखवाच. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याचे त्रास नंतर डोकं वर काढतात.

पैदास करणाऱ्यांसाठी मात्र ही चाचणी अनमोल आहे. दोष अप्रभावी असतो, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच पिल्लू अफेक्टेड. दोन कॅरिअर एकत्र आणले तर प्रत्येक पिल्लाला २५ टक्के धोका. कॅरिअर आणि क्लिअर यांच्या जोडीत एकही अफेक्टेड होत नाही. त्यामुळे गुणी कॅरिअर कुत्रीला पैदाशीतून हाकलून द्यायचं काही कारण नाही, फक्त जोडीदार क्लिअर हवा. पिल्लू घेताना दोन्ही पालकांचे अहवाल मागा. 'आमच्याकडे कधी कुणी पडलं नाही' हे उत्तर पुरेसं नाही, कारण कॅरिअर या रोगाने पडतच नाही.

लॅब्राडॉर, चेसापीक बे रिट्रीव्हर, कर्ली कोटेड रिट्रीव्हर किंवा बॉयकिन स्पॅनियल असेल तर डोळे मिटून करा. बॉर्डर कोलीसाठी यावर पैसे घालू नका: तीही कामात कोसळतात, पण त्यांच्या कोसळण्यामागे डीएनएम१ चा हा दोष नसतो.