समाजशास्त्र आधी की थेट लॉ? गुन्हा आणि न्याय शिकायचं असेल तर

ऐरोलीत राहणारी माझी भाची बारावी झाली आणि म्हणाली, "मावशी, मला गुन्हेगारी, पोलीस, तुरुंग हे सगळं शिकायचंय. कुठे अर्ज भरू?" तिने अमेरिकेतल्या कॉलेजांचे अभ्यासक्रम पाहिले होते. तिकडे ‘क्रिमिनल जस्टिस’ नावाची पदवीच असते आणि पुष्कळ जण तिच्या जोडीला समाजशास्त्र घेतात. ठाणे-नवी मुंबईत तशी तयार जोडी शोधत बसू नका, ती आपली आपण जुळवावी लागते. त्यासाठी मुख्य वाटा दोन. समाजशास्त्रात बी.ए. करून मग तीन वर्षांचं एलएल.बी., किंवा बारावीनंतर थेट पाच वर्षांचा लॉ. मी पहिल्या वाटेने आले आणि आता ठाण्यात फौजदारी प्रकरणं चालवते. माझा कल कुठे आहे हे त्यावरून कळेलच. पण दुसरी वाट कुणाला जास्त लाभते, तेही मी रोज बघते.

दोन्हींतला फरक समजायला एक खटला पुरे आहे. 1978 चा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. मोतीराम गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला, पण खाली दंडाधिकाऱ्यांनी 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ तयार होता, तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून तोही नाकारला. प्रकरण पुन्हा वर गेलं आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्याच हमीवर, सोडायला सांगितलं.

लॉच्या वर्गात यातून नियम शिकवतात: जामिनाची रक्कम आरोपीच्या ऐपतीला धरून हवी, आणि दुसऱ्या जिल्ह्यातला एवढ्याच कारणाने जामीनदार नाकारू नये. हा नियम यायलाच हवा, त्यावर उद्या कुणाची तरी सुटका होणार असते. समाजशास्त्राच्या वर्गात मात्र प्रश्न उलट्या बाजूने येतो. परजिल्ह्यातला जामीनदार आणायची वेळ कुणावर येते? जो पोटासाठी गाव सोडून आला त्याच्यावर. त्याची खोली भाड्याची, लाइट बिल मालकाच्या नावावर, रेशनकार्ड गावाकडे आणि ओळखीपाळखीची माणसं त्याच्यासारखीच नाक्यावर उभी राहणारी.

माझ्याकडे एका बिगाऱ्याची बहीण आली होती. भावाच्या जामिनाचा आदेश होऊन तीन आठवडे झाले होते, तरी तो आतच. तिने दुकानाची प्लास्टिकची पिशवी टेबलावर ओतली. गावचं रेशनकार्ड, सातबाऱ्याची पुसट झेरॉक्स, भावाचा शाळा सोडल्याचा दाखला, देवीच्या अंगाऱ्याची पुडी. इथल्या पत्त्याचा एकही कागद नाही. रक्कम कमी करण्यासाठीचा अर्ज मी लॉ शिकले म्हणून लिहू शकले. पण त्या अर्जात काय मांडायचं, आणि त्याआधी त्या बाईला काय काय विचारायचं, हे मला बी.ए.ने शिकवलं होतं. तिला पहिला प्रश्न मी कागदांचा विचारला नाही. घर कोण चालवतं, हे विचारलं.

ही एकट्यादुकट्याची गोष्ट नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीत देशभरच्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. कलमं पाठ असलेल्याला हा आकडा दिसतो. तो असा का, हे समजायला जात, स्थलांतर, शिक्षण, वस्ती यांचा अभ्यास लागतो. इंग्रजांनी 1871 मध्ये काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण पारधी समाजातल्या पोराकडे बघण्याची नजर अजून किती बदलली, हे कुठल्याही कलमात सापडत नाही. आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली कामं जातीवरून वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले. तो निकाल वाचताना दोन्ही विषय हाताशी असलेल्याला जे कळतं, ते एकाच विषयावर भागत नाही.

आता पाच वर्षांच्या लॉबद्दल. त्यातही समाजशास्त्र असतं, पण सुरुवातीच्या वर्षांत, एखाद-दोन पेपरांपुरतं. बहुतेक मुलं ते उरकायचा विषय म्हणूनच बघतात. पण या वाटेच्या दोन जमेच्या बाजू मोठ्या आहेत. एक वर्ष वाचतं, सहाऐवजी पाचात सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेण्याइतकी पदवी हातात येते. आणि दुसरी गोष्ट विशेषतः मुलींसाठी सांगते, कारण ती कुणी स्पष्ट बोलत नाही. बी.ए. झालं की घरात ‘आता पदवी झाली’ असं सुरू होतं. स्थळं येतात, नोकरी धर म्हणतात, आणि पुढचं लॉ राहून जातं. माझ्या बरोबरीच्या कितीतरी हुशार मैत्रिणी तिथेच थांबल्या. घरून असा दबाव येणार याची कल्पना असेल, तर थेट पाच वर्षांत शिरा. मधे थांबायचा थांबाच नको. समाजशास्त्र पुढे वाचनाने भरून काढता येईल.

प्रवेशाचं थोडक्यात. दोन्ही लॉसाठी महाराष्ट्राची सीईटी वेगवेगळी असते. पाच वर्षांच्या परीक्षेत थोडं गणित येतं, तीन वर्षांच्या परीक्षेत नाही. बी.ए.ला अर्ज करताना त्या कॉलेजात समाजशास्त्र मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून मिळतं की फक्त मायनर, म्हणजे दुय्यम, हे ऑफिसात जाऊन विचारा, नुसत्या माहितीपत्रकावर जाऊ नका. मायनरला मानसशास्त्र मिळालं तर सोडू नका.

कुठे पोहोचायचंय त्यावरही बरंच आहे. फौजदार व्हायचं असेल तर एमपीएससीला कुठलीही पदवी चालते, मग बी.ए. लवकर होतं आणि बरं पडतं. यूपीएससीला समाजशास्त्र आणि लॉ दोन्ही वैकल्पिक विषय आहेत, गुन्हेशास्त्र नाही. न्यायाधीश व्हायचं असेल तर मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आधी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली, तिथे वाचलेलं एक वर्ष मोलाचं ठरतं. मुलांसोबत काम करायचं असेल तर बाल न्याय मंडळाचं उदाहरण लक्षात ठेवा. तिथे दंडाधिकाऱ्यासोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, आणि 2015 च्या कायद्याने त्या जागेसाठी मान्य केलेल्या पदव्यांत समाजशास्त्र आणि कायदा दोन्ही आहेत. वकिलीच नको असेल, तर बी.ए. नंतर देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे बघा. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात तिथे गुन्हेशास्त्र आणि न्याय या अंगाने शिकवलं जातं, आणि त्यांचा ‘प्रयास’ हा उपक्रम 1990 पासून कोठडीतल्या माणसांसोबत काम करतो. वाशी-नेरुळहून हार्बरने थेट गोवंडी, ठाण्याहून कुर्ल्याला गाडी बदलायची. फॉरेन्सिकला बारावी सायन्स लागतं आणि ते प्रयोगशाळेचं काम आहे, तो वेगळाच विषय.

पैशाचं न लपवता सांगते. दोन्ही वाटांनी आलं तरी ज्युनिअर वकिलाची पहिली दोन-तीन वर्षं ओढाताणीची जातात. घरावर कर्ज असेल, धाकटी भावंडं शिकत असतील, तर ते वाचवलेलं एक वर्ष हिशेबात धरा. नसेल तर माझं मत बी.ए.कडेच आहे. अठराव्या वर्षी थेट कलमं हाती आली की माणूस आधी ‘आरोपी’ दिसायला लागतो, आणि ती सवय मोडायला पुढे फार कष्ट पडतात.

भाचीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तिला सोमवारी कोर्टनाक्याला बोलावलंय. न्यायालयं सगळ्यांना खुली असतात, मोबाइल बंद करून मागच्या बाकावर बसायचं, पुरे. दुपारी पोलीस रिमांडसाठी आरोपींना घेऊन येतात तेव्हा ती आधी कशाकडे बघते ते मला बघायचंय: वकील काय बोलतात त्याकडे, की दाराशी डबा घेऊन उभ्या असलेल्या आईकडे.